सहलीच्या शंका : चियांग माई, पाच दिवस आणि सतरा ठिकाणं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की थायलंडला एकदाच जायचं असेल तर पट्टाया सोडा आणि उत्तरेला चियांग माईला जा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्या एकाच गावाला द्यावं लागतंय. ‘व्हिसाचं काय?’ असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकच उत्तर: तो नियम सारखा बदलतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थाई वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा, माझ्या सदरात शोधू नका. मात्र १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड भरणं सक्तीचं झालंय. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर ते भरायचं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते निमूट बंद करायचं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही निवृत्त. ह्यांचं वय ६८, माझं ६४. ह्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. डिसेंबरात पाच दिवस चियांग माईला जायचं म्हणतोय. सहलवाल्यांच्या पत्रकात सतरा ठिकाणं आहेत, चियांग राईसुद्धा एका दिवसात ‘करून’ आणतात. पत्रक सोबत जोडलंय. काय बघावं, काय सोडावं?
*एक वाचक, सहकारनगर*

पत्रक मिळालं. पेन्सिल घेऊन बसले आणि सतरातली नऊ नावं खोडली. मधाचं केंद्र, चामड्याचं दालन, रत्नांचा कारखाना, लेटेक्सच्या गाद्या: ही सगळी दुकानं आहेत. मी बावीस वर्षं सहलींची व्यवस्थापक होते, अशी पत्रकं स्वतः टाइप केली आहेत. दुकानापाशी बस थांबली की कुणाच्या तरी खिशात कमिशन पडतं आणि पत्रकात एक ओळ वाढते. बो सांगचं छत्र्यांचं गावही तसं दुकानच, पण ते मी ठेवलंय. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून कागद करतात, बांबूच्या काड्यांवर तो ताणून चिकटवतात आणि मग बायका एका हाताने छत्री फिरवत दुसऱ्या हाताने त्यावर फुलं काढतात. अर्धा तास बघत बसायला छान, विकत घ्यायलाच हवी असं नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिले दोन दिवस गाडीच करू नका, जुन्या शहरात पायी फिरा. चियांग माई म्हणजे ‘नवं शहर’. आपल्या नव्या पेठेसारखंच, नवं म्हणता म्हणता शतकं उलटली. मेंगराई राजाने ते १२९६ साली वसवलं. इकडे आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेच हे साल. तिथल्या खंदकाकाठी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हा हिशोब डोक्यात आला, आणि तेव्हापासून ते गाव मला परकं वाटलेलं नाही. जुनं शहर चौकोनी आहे, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची, चारी बाजूंना पाण्याने भरलेला खंदक. तटाच्या विटा कोपऱ्यांत आणि वेशींपाशी तेवढ्या उरल्यात. आत गल्लीगल्लीत देवळं. शुक्रवार-सदाशिवात जसे मारुती आणि गणपती भेटतात तशी.

सकाळी साडेसहाला निघा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास असतं, म्हणजे तुमच्या शरीराला ती पहाटेची पाचच वाटणार, पण निवृत्तांना त्याचं काय. त्या वेळी भिक्षू अनवाणी भिक्षेला निघालेले असतात आणि बायका भाताची पुडकी घेऊन दारात बसलेल्या. वत फ्रा सिंग हे १३४५ सालचं देऊळ आधी बघा. ‘वत’ म्हणजे मठ-मंदिर, ‘विहान’ म्हणजे आपला विहार, ‘चेदी’ म्हणजे चैत्य. कार्ल्याची लेणी पाहिली असतील तर शब्द ओळखीचेच निघतील. मागच्या बाजूच्या छोट्या विहारात भिंतींवर जुनी चित्रं आहेत. राजे आणि राक्षस असतीलच, पण मला त्यातली गप्पा मारणारी, चिरूट ओढणारी साधी माणसं जास्त आवडतात.

मग वत चेदी लुआंग. हा विटांचा प्रचंड स्तूप पंधराव्या शतकात पूर्ण झाला आणि १५४५ च्या भूकंपात त्याचा वरचा भाग कोसळला. बँकॉकच्या राजवाड्यातल्या देवळात ज्या पाचूच्या बुद्धासाठी रांग लागते, तो एके काळी इथे होता. स्तूप पुन्हा शेंड्यापर्यंत बांधायचा मोह त्यांनी आवरला, याचं मला फार कौतुक आहे. दक्षिणेकडच्या बाजूला हत्तींची शिल्पं आहेत. त्यातला उजव्या टोकाचा, कान आणि सोंड नसलेला हत्ती तेवढा मूळचा, बाकीचे दुरुस्तीच्या वेळी सिमेंटने केलेले. मार्गदर्शक गोजिरवाण्या हत्तींपाशी फोटोला उभं करतात. तुम्ही त्या टोकाच्या हत्तीपाशी जाऊन यायचं.

तिसऱ्या दिवशी दोई सुथेप, शहराच्या पश्चिमेचा डोंगर. ‘दोई’ म्हणजे डोंगर, आणि सुथेप हे तिथे राहिलेल्या वासुदेव नावाच्या ऋषीवरून पडलेलं नाव. १३८३ साली कुएना राजाने बुद्धाचा अवशेष पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून त्याला मोकळं सोडलं, हत्ती डोंगर चढून गेला, तीनदा चीत्कारला आणि तिथेच प्राण सोडले, म्हणून देऊळ तिथे, अशी कथा आहे. वर जाणारा रस्ता मात्र अलीकडचा. क्रुबा सिविचाई नावाच्या भिक्षूंच्या हाकेवर हजारो लोकांनी श्रमदान करून १९३४-३५ मध्ये तो सहा महिन्यांच्या आत खणून काढला. पायथ्याशी त्यांचा पुतळा आहे, गाड्या तिथे हात जोडून पुढे जातात.

आता गुडघा. पर्वतीला १०३ पायऱ्या. इथे तीनशेच्या वर. म्हणजे तीन पर्वत्या, एकामागून एक. पण शेजारून वर नेणारी पाळण्याची सोय आहे, तिकीट किरकोळ. ह्यांना त्यातून पाठवा आणि तुम्ही पायऱ्यांनी जा, कारण कठडा बघण्यासारखा आहे: दोन्ही बाजूंनी खाली उतरत आलेला नाग, अंगावर हिरव्या-पिवळ्या काचकौलांचे खवले. तळाशी पोचल्यावर नीट बघा, नाग मकराच्या जबड्यातून बाहेर पडतोय. उत्तर थायलंडची ही खास खूण आहे. वर सोन्याने मढवलेला चैत्य, भोवती हातात कमळ धरून प्रदक्षिणा घालणारे लोक. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, मधल्या वेळात तुळशीबागेत शिरल्यासारखं होतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हे दोघांनाही लागू.

चौथ्या दिवशी दोई इंथानोन. हे थायलंडचं सर्वांत उंच शिखर, २,५६५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईहून नऊशे मीटर उंच, आणि वरपर्यंत डांबरी रस्ता! शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. स्वेटर न्या, मी गंमत करत नाहीये, डिसेंबरात पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं दिसतं. माथ्यावर शेवाळाने झाकलेल्या झाडांमधून लाकडी पायवाट आहे. थोडं खाली राजा-राणीच्या साठीनिमित्त बांधलेले दोन चैत्य आहेत, आणि तिथे चढायला चक्क सरकते जिने आहेत. ह्यांना सांगा.

चियांग राई एका दिवसात करू नका. जायला तीन तासांहून जास्त, यायला तेवढेच. वत रोंग खुन हे पांढरं देऊळ अजब आहे खरं. चालेर्मचाई कोसितपिपत या चित्रकाराने १९९७ मध्ये ते उभारायला घेतलं आणि काम अजून चालूच आहे. चुन्यासारखं पांढरं, त्यात आरशाचे तुकडे, पुलाखालच्या खड्ड्यातून वर आलेले शेकडो हात. पण ते बघायला बसमध्ये सात तास बसायचं, तर मुक्काम तरी करा. पाच दिवसांत तो होत नाही, तेव्हा यावेळी सोडा. त्याऐवजी पाचव्या दिवशी पंचवीसेक किलोमीटरवरच्या लाम्फूनला जा. चियांग माईच्याही आधीचं, हरिपुंजय राज्याचं हे गाव. तिथलं सोनेरी चैत्याचं देऊळ शांत असतं. आणि जाताना महामार्गाने नको, जुन्या रस्त्याने न्या असं ड्रायव्हरला सांगा. दोन्ही बाजूंना शंभर वर्षांहून जुनी, सरळसोट उंच यांगची झाडं आहेत आणि प्रत्येकाच्या बुंध्याला भगवं वस्त्र बांधलेलं. झाडाला दीक्षा दिली की ते तोडायला कुणाचा हात धजत नाही. आपल्याकडे रस्तारुंदीच्या आधी कुणीतरी हा प्रयोग करून बघायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. थायलंडमध्ये उपाशी राहावं लागतं असं ऐकलंय. थेपले किती न्यावेत?
*एक वाचक, बिबवेवाडी*

एका वेळचे. तेही विमानतळासाठी.

दुकानाबाहेर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षर शोधा. ते थाई अक्षर आपल्या डोळ्यांना इंग्रजीतल्या १७ सारखं दिसतं. त्याचा उच्चार ‘जे’. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पर्युषणात जाणाऱ्यांनाही यातलं पुष्कळसं चालेल, फक्त कंदमुळांचं विचारून घ्या. दुसरा शब्द ‘मांगसाविरत’. नीट ऐका: मांस-विरती. शब्द आपलाच, पण त्यात अंडं आणि दूध येऊ शकतं, तेव्हा तुमच्यासाठी ‘जे’च बरा.

फसगत होते ती दिसत नाही अशा गोष्टीत. समोर नुसत्या भाज्या परतताना दिसतात आणि बाटलीतून येतं ते असतं माशाचं पाणी, ‘नाम प्ला’. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकट असते. ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे ते घालू नका. पण त्यांची भाषा सुरांची, आपण भलत्याच सुरात बोलून भलतंच काही मागून बसतो. हॉटेलातल्या मुलीकडून थाई लिपीत चिठ्ठी लिहून घ्या आणि ती दाखवा. मी एक चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून अकरा वर्षं वापरली.

आणि खाओ सोई खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. नारळाच्या दुधातला तिखट रस्सा, त्यात मऊ शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, बाजूला कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि मोहरीच्या पानांचं लोणचं. पुण्याच्या माणसाला पहिल्या घासालाच कळतं की कुणीतरी मिसळीचाच विचार करून हे केलंय. नेहमीच्या दुकानात त्यात चिकन किंवा बीफ असतं आणि शेवया अंड्याच्या, म्हणून ‘जे’ दुकानातच मागा.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं मित्र, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये जायचा बेत आहे. स्कूटर भाड्याने घेऊन फिरणार. आकाशकंदील सोडायचा सण तेव्हा मिळेल का?
*एक वाचक, वाकड*

नाही मिळणार. तो यी पेंग. तो त्यांच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास. आपण देवळात वाती लावतो तेव्हा तिकडे पिंग नदीत केळीच्या सोपटाच्या होड्या सोडतात आणि आकाशात कागदी कंदील. व्हिडिओत दिसतात ते हजारो कंदील एकदम सोडण्याचे कार्यक्रम शहराबाहेर असतात, महागड्या तिकिटांचे. नदीकाठी फुकट उभं राहिलात तरी डोळे भरून मिळतं. त्या रात्रींना विमानांच्या वेळा बदलतात किंवा उड्डाणं रद्द होतात, हे तिकीट काढताना लक्षात ठेव.

मार्च तर मुळीच नको. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतातला पाचोळा आणि जंगलं जळत असतात. शहर डोंगरांच्या कुशीतल्या खोलगट भागात, त्यामुळे धूर खाली कोंडून राहतो. अशा दिवसांत हवेच्या प्रदूषणात चियांग माई जगातल्या सर्वांत वाईट शहरांच्या यादीत वर जाऊन बसतं. मी एकदा वीस जणांना मार्चमध्ये घेऊन गेले होते. चूक माझीच, दर स्वस्त मिळाला म्हणून भुलले. दोई सुथेपच्या गच्चीवर उभं राहून हात करत सांगितलं, ‘समोर खाली सगळं शहर दिसतं.’ समोर राखाडी पडदा. गटातले एक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘बाई, तुम्ही म्हणता म्हणून आहे असं धरू.’ संध्याकाळपर्यंत सहा जण खोकत होते.

एप्रिललाच जायचं तर १३ ते १५ तारखेच्या सोंगक्रानला जा. शब्द ओळखलास? संक्रांत. मेषसंक्रांत. खंदकातलं पाणी बादल्यांनी उपसून रस्त्यावरच्या प्रत्येकाला भिजवतात, पोलिसालाही. फोन पिशवीत घाल. चौघांपैकी कुणाला दमा असेल तर मात्र या दिवसांतही नको.

स्कूटरबद्दल: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, दुचाकीची नोंद असलेला. वेशींपाशी पोलीस अडवून तोच मागतात. तो नसेल तर अपघातात विम्याची कंपनीही हात वर करते. आणि हेल्मेट. पुण्यातला हेल्मेटविरोध पुण्यातच ठेवून जा. जमत नसेल तर लाल सोंगथेव आहेच: मागे समोरासमोर दोन बाकं, हात केला की थांबते, जुन्या शहरात माणशी साधारण ३० बाट. वडापमध्ये बसलेल्याला काही शिकवावं लागत नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला हत्तीवर बसायचंय. कुठे सोय चांगली?
*एक वाचक, सदाशिव पेठ*

बसवू नका. हे उपदेश म्हणून सांगत नाही, मी स्वतः शेकडो लोकांना बसवलंय म्हणून सांगतेय. लोखंडी हौदा, त्यात दोन मोठी माणसं, आणि हे सगळं हत्तीच्या पाठीच्या कण्यावर, दिवसभर, फेऱ्या मारत. मी कधी मागून बघायचे नाही. एकदा हौदा काढताना समोर होते. खाली पोत्याचा तुकडा होता, तो माहुताने उचलला तर त्याला कातडी चिकटून आली. कानामागे अंकुशाचे जुने व्रण होतेच. त्यानंतर आमच्या पत्रकातून ती ओळ मी काढली, वरिष्ठांची बोलणी खाऊन.

माहुतांनाही दोष देऊन चालत नाही. १९८९ मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली आणि ओंडके ओढणारे हत्ती एका दिवसात बेकार झाले. हत्ती रोज दीड-दोनशे किलो खातो. तो खर्च पर्यटकाकडूनच निघणार होता.

मुलीला हत्ती दाखवाच, पण जिथे बसवत नाहीत, खेळ करायला लावत नाहीत आणि माणसांच्या झुंडीबरोबर आंघोळही घालत नाहीत अशा ठिकाणी. ‘सँक्च्युअरी’ ही पाटी कुणीही लावतं, तिच्यावर जाऊ नका, हे तीन प्रश्न आधी लेखी विचारा. मे तेंगच्या खोऱ्यातलं एलिफंट नेचर पार्क यातलं जुनं नाव आहे. तिथे सुटका केलेले, काही आंधळे, काही लंगडे हत्ती आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला लांबून बघताना कंटाळा येईल असं तुम्हाला वाटेल. माझ्या भाचीने तिथे एका म्हाताऱ्या हत्तिणीला कलिंगड सोंडेत घेऊन पायाने फोडताना पाऊण तास बघितलं होतं.

प्रश्न : तिथल्या काही देवळांत बायकांना प्रवेश नाही हे खरं का? बौद्ध धर्मातही?
*एक वाचक, औंध*

खरं आहे. सगळीकडे नाही, पण वत चेदी लुआंगच्या आवारातल्या नगरस्तंभाच्या देवळात पुरुषच जाऊ शकतात. त्या स्तंभाचं नाव ‘इंथाखिन’, म्हणजे इंद्रखील. वुआ लाई या चांदीकामाच्या आळीत वत सी सुफान हे चंदेरी देऊळ आहे, त्याच्याही मुख्य दालनात बायकांनी जायचं नाही. कारण तेच, जे आपल्याकडे सांगतात. शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना २०१६ मध्ये खुला झाला, तेव्हा आपण फार शहाणपण शिकवण्याच्या स्थितीत नाही. मी बाहेर थांबते. वुआ लाईला बाहेर थांबण्यात तोटाही नाही: भिंतींवरचे उठावकामाचे पत्रे सगळे बाहेरूनच बघायचे असतात, आणि बाजूच्या पडवीत कारागीर ठोकत बसलेला असतो. शनिवारी संध्याकाळी त्याच रस्त्यावर बाजार भरतो.

मोठा बाजार रविवारचा, ता फे वेशीपासून आत. संध्याकाळी सहाच्या आधी पोचा. बरोबर सहाला राष्ट्रगीत लागतं आणि अख्खा रस्ता जागच्या जागी थांबतो. घासाघीस करणारी बाई, नूडल्स परतणारा, कडेवरचं पोर. परतणाऱ्याचा झारा कढईत तसाच, तेल चुरचुरत असतं. गीत संपलं की त्याच वाक्यापासून घासाघीस पुढे सुरू.

प्रश्न : बँकॉकहून विमानाने जावं की रेल्वेने?
*एक वाचक, चिंचवड*

वेळ कमी असेल तर विमान, सव्वा तासाचं. पण मी सांगेन रात्रीच्या गाडीनं जा. साधारण साडेसातशे किलोमीटर, बारा-तेरा तास. पहाटे डोंगर लागतात, मग खुन तानचा १,३५२ मीटरचा बोगदा येतो. जर्मन इंजिनिअरांनी आखलेला हा बोगदा पहिल्या महायुद्धाच्या काळात पूर्ण झाला. खंडाळ्याच्या घाटावर वाढलेल्यांना तो काही फार लांब वाटणार नाही. बोगद्यातून बाहेर पडलं की हवा बदललेली जाणवते. खालचे बर्थ रुंद असतात आणि आधी संपतात. सहकारनगरच्या काकांनी तर खालचाच धरावा.